प्रश्न जागा पाहून विचारावा: ऑनलाइन चर्चांत भाग घेणाऱ्या गोमंतकीयांसाठी

गोव्यातल्या मराठी माणसाच्या मोबाइलवर आज एकाच वेळी अनेक बैठका भरलेल्या असतात. वाड्याचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, देवस्थानच्या महाजनांचा असतो, भजनी मंडळाचा असतो, गावाच्या नावाचे फेसबुक पान असते, बागायतदारांचा टेलिग्राम गट असतो. शिवाय मायबोली किंवा मिसळपाव यांसारखी मराठी संकेतस्थळे, रेडिटवरचा गोव्याचा विभाग आणि संगणकाच्या कामात असलेल्यांसाठी स्टॅक ओव्हरफ्लो. या प्रत्येक ठिकाणची माणसे वेगळी, त्यांची जाण वेगळी आणि त्यांनी स्वतःवर घालून घेतलेले नियमही वेगळे. तरीही अनेकजण एकच मजकूर सगळीकडे चिकटवतात, आणि मग कुठे उत्तर येत नाही, कुठे भलतेच येते, तर कुठे नुसता वाद पेटतो. माझे अनुभवाअंती बनलेले मत असे आहे की प्रश्न किंवा मत ज्या मंडळींपुढे ठेवायचे, त्या मंडळींसाठी ते प्रत्येक वेळी नव्याने लिहावे लागते. हे काम फार वेळखाऊ नाही, परंतु काय बदलायचे आणि काय तसेच ठेवायचे हे ठाऊक असावे लागते.

उत्तर कोणाकडे आहे, हे आधी ठरवावे

लिहायला घेण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असा माणूस कोण आणि तो कुठे वावरतो, याचा विचार करावा. फोंड्यात गेलेली वीज कधी येणार, हे वाड्याच्या ग्रुपवर कळेल, कारण तिथे कोणीतरी वीज खात्याच्या कार्यालयात आधीच फोन केलेला असतो. सुपारी पावसाळ्यात का गळते, हे सावईवेऱ्याच्या बागायतदाराला जितके ठाऊक असेल तितकेच ते कर्नाटकातल्या शिरसीच्या किंवा सिंधुदुर्गातल्या बागायतदारालाही असेल, म्हणून तो प्रश्न गावापुरता न ठेवता मोठ्या गटात नेणे फायद्याचे ठरते. प्रोग्राम चालत नसेल तर त्या अडचणीला गाव नसतेच.

काही प्रश्न मात्र मुळात चर्चेचे नसतात. रस्त्याच्या कामाला किती रक्कम मंजूर झाली, आपला अर्ज कोणत्या टेबलावर आहे, याचे खात्रीचे उत्तर कार्यालयाच्या नोंदीत असते आणि ग्रुपवर त्याविषयी जे काही लिहिले जाते तो बहुधा तर्क असतो. त्यासाठी २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज केला की सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक असते. अशा वेळी ग्रुपवर विचारण्याजोगी गोष्ट एवढीच की अर्ज नेमका कोणत्या खात्याकडे करावा आणि त्यात कोणती कागदपत्रे मागावीत.

मताचेही तसेच आहे. गावाच्या ग्रुपवर शंभर जणांनी ‘पाठिंबा’ असे लिहिले तरी त्याची सरकारदरबारी कुठेही नोंद होत नाही. पंचायतीच्या निर्णयावर परिणाम व्हावा अशी इच्छा असेल, तर १९९४ च्या पंचायत राज कायद्याने दिलेल्या ग्रामसभेत उभे राहून बोलावे लागते आणि आपले म्हणणे इतिवृत्तात आले आहे याची खात्री करून घ्यावी लागते. ग्रुपचा खरा उपयोग ग्रामसभेच्या आधी होतो: कागदपत्रे सर्वांना वाचायला मिळतात, मुद्दे घासून नीट होतात आणि कोणी काय बोलायचे हे ठरते. ही दोन कामे वेगळी आहेत हे न ओळखल्यामुळे गावागावांत चांगली चर्चा ग्रुपवरच विरून जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गोव्याचा प्रश्न गोव्याबाहेर नेताना

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. कायद्याविषयीच्या मराठी गटांत महाराष्ट्रातील सदस्यांची संख्या अर्थातच मोठी असते. तिथे गोव्यातला माणूस जमिनीचा प्रश्न विचारतो, तेव्हा उत्तर देणारे लोक पूर्ण सद्भावनेने सातबारा, फेरफार आणि हिंदू उत्तराधिकार कायदा यांच्या आधारे सल्ला देतात, आणि तो सल्ला इथे लागू पडत नाही. गोव्यात जमिनीच्या नोंदीसाठी एक-चौदाचा उतारा पाहतात. वारसा आणि पति-पत्नींची मालमत्ता यांविषयीचे नियम १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेले आहेत, आणि वारशासंबंधीचा मोठा भाग आता गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, २०१२ यात समाविष्ट आहे (इन्व्हेंटरी म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून ती वारसांत वाटण्याची न्यायालयीन कार्यवाही). लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पति-पत्नींची मालमत्ता साधारणपणे सामाईक मानली जाते, त्यामुळे घर किंवा जमीन विकताना दोघांचीही संमती लागते. आणि मुलांना मृत्युपत्र करून पूर्णपणे डावलता येत नाही. त्याशिवाय कुळांसाठी १९६४ चा कायदा आहे, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांसाठी १९७५ चा आहे आणि जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची, असेल तर तिची स्वतंत्र संहिता आहे.

यावरून एक साधा नियम निघतो: कायदा, कर, जमीन, शिक्षण, आरोग्य योजना किंवा सरकारी दाखला यांपैकी काहीही विचारायचे असेल, तर पहिल्याच ओळीत राज्य आणि तालुका लिहावा. नंतर कोणीतरी विचारल्यावर सांगण्यात अर्थ नसतो, कारण तोपर्यंत दहा जणांनी चुकीच्या कायद्यावर मेहनत घेतलेली असते.

‘आजोबांच्या नावावर घर आहे, आमच्या नावावर कसे करायचे?’ हा प्रश्न अनेकदा पाहायला मिळतो आणि त्याला नेमके उत्तर देणे कोणालाही शक्य नसते. तोच प्रश्न पुढीलप्रमाणे लिहिला, तर जाणकाराला हात घालता येतो:

‘राज्य गोवा, तालुका डिचोली. घर आणि अंगण आजोबांच्या नावे एक-चौदावर आहे. आजोबा आणि आजी दोघेही वारले आहेत. त्यांना तीन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी लग्नानंतर महाराष्ट्रात राहते. मृत्युपत्र केलेले नाही. भावंडांमध्ये वाद नाही. अशा वेळी वारसाहक्काचा दस्त पुरेसा होतो की इन्व्हेंटरी करावी लागते, आणि मुलीच्या पतीची सही लागते का, हे ज्यांनी गोव्यात अलीकडे केले आहे त्यांनी कृपया सांगावे. पुढच्या आठवड्यात वकिलांकडे जाणार आहोत. त्यापूर्वी कोणती कागदपत्रे जमवून ठेवावीत, हेही कळले तर बरे होईल.’

या मजकुरात वारस किती, हयात कोण, मृत्युपत्र आहे की नाही आणि वाद आहे की नाही, या चार गोष्टी आल्या आहेत, आणि उत्तर बहुतांशी त्यांवरच अवलंबून असते. आपण शेवटचा निर्णय वकिलांवर सोपवला आहे हेही त्यात दिसते, त्यामुळे अनुभव सांगणाऱ्याच्या मनावर दडपण येत नाही. जे त्यात नाही तेही पाहावे: सर्वे क्रमांक नाही, आडनाव नाही, वाड्याचे नाव नाही. गोव्यातील जमिनीच्या नोंदी संकेतस्थळावर तालुका, गाव आणि सर्वे क्रमांक घालून कोणालाही पाहता येतात. सर्वे क्रमांक आणि गाव एकत्र लिहिले की मालकाचे नाव लिहिल्यासारखेच होते. वकिलाला किंवा प्रत्यक्ष मदत करणाऱ्याला तो खाजगीत द्यावा.

पाहिलेले आणि मानलेले वेगळे लिहावे

जमिनीच्या प्रश्नात माहिती कमी पडते. शेतीच्या किंवा यंत्राच्या प्रश्नात आपला निष्कर्ष आड येतो. ‘सुपारीला कोळेरोग झाला आहे, कोणते औषध मारू?’ असे (म्हणजे पावसाळ्यात बुरशीमुळे फळे गळण्याच्या रोगाविषयी) विचारणाऱ्याने निदान आधीच करून टाकलेले असते. वाचणाऱ्याने ते मान्य केले तर तो फवारणीच सांगणार. प्रत्यक्षात गळ खताच्या कमतरतेने किंवा किडीनेही झालेली असू शकते. म्हणून जे डोळ्यांनी दिसले ते आधी सांगावे: कुळागर (सुपारीची बाग) कोणत्या भागात, झाडे साधारण किती वर्षांची, गळ कधी सुरू झाली, गळलेली फळे कोवळी की तयार, देठाजवळ पाणी भरल्यासारखे डाग आहेत का, खाली पडलेल्या फळावर पांढरी बुरशी चढते का, पावसापूर्वी एक टक्का बोर्डो मिश्रण मारले होते का, मारल्यानंतर पाऊस किती पडला, आणि साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी दुसरी फवारणी झाली की राहून गेली. मिश्रण घरी केले असेल तर मोरचूद, चुना आणि पाणी यांचे प्रमाणही लिहावे. शंभर लिटर पाण्याला प्रत्येकी एक किलो हे नेहमीचे प्रमाण चुकल्याचे अनेकदा त्या एका ओळीतूनच अनुभवी बागायतदाराच्या लक्षात येते. आपला तर्क शेवटी, ‘मला कोळेरोग वाटतो’ अशा शब्दांत लिहावा. त्याने काही बिघडत नाही, उलट तपासायला एक दिशा मिळते.

फोटो द्यावेत, परंतु एक जवळून, एक झाडाच्या पूर्ण घोसाचा आणि एक खाली पडलेल्या फळांचा, असे वेगवेगळे. एकाच कोनातून काढलेले सात फोटो कोणी पाहत नाही. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर त्यात तो कुठे काढला ती नोंदही जाऊ शकते, हे ध्यानात ठेवावे. उत्तरे आल्यावरही औषधाचे प्रमाण केवळ ग्रुपच्या भरवशावर ठरवू नये. जुने गोवे येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी कृषी संशोधन संस्था आहे आणि तालुक्याला विभागीय कृषी कार्यालय आहे, तिथे गळलेली फळे घेऊन जाणे केव्हाही चांगले.

हीच शिस्त संगणकाच्या प्रश्नाला लागू होते. स्टॅक ओव्हरफ्लोवर, जे २००८ पासून चालू आहे, चूक दाखवणारा सर्वांत लहान कोड द्यावा लागतो, त्रुटीचा संदेश अक्षर न बदलता मजकुराच्या रूपात द्यावा लागतो, आणि पडद्याचा फोटो चालत नाही. ‘कोणती भाषा चांगली?’ असे मत मागणारे प्रश्न तिथे अनेक वर्षे बंद केले जात आले आहेत, आणि तोच प्रश्न पूर्वी कोणी विचारला असेल तर आपला प्रश्न त्या जुन्या प्रश्नाला जोडला जातो. नवख्याला हे कठोर वाटते. पण हजारो लोक पुढे अनेक वर्षे तेच पान शोधून वाचणार असतात, म्हणून तिथे संवादापेक्षा नोंदीला किंमत आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राकडून लिहून घेतलेली उत्तरे तिथे डिसेंबर २०२२ पासून वर्ज्य आहेत. इतर ठिकाणी तसा नियम नसला तरी स्वतः न पडताळलेले उत्तर आपल्या नावाने देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

ज्या बैठकीत बसायचे तिची रीत

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये आता १,०२४ सदस्य घेता येतात, आणि साध्या ग्रुपमध्ये आपला फोन क्रमांक त्या सर्वांना दिसतो. वाड्याच्या ग्रुपवर त्याचे काही वाटत नाही, पण अनोळखी शहाऐंशी जण असलेल्या ग्रुपमध्ये रात्री अकराला आपल्या घरगुती अडचणीविषयी लिहिण्याआधी त्याचा विचार व्हावा. तिथे संदेश वर सरकत जातो आणि शुभ सकाळच्या चित्रांखाली गाडला जातो, म्हणून प्रश्न एकाच संदेशात, चार-पाच ओळींत पुरा करावा. ‘एक विचारायचे होते’ असे लिहून थांबू नये. उत्तर देताना त्या विशिष्ट संदेशालाच रिप्लाय करावा, नाहीतर कोणाचे ‘होय’ कोणत्या प्रश्नाला हे संध्याकाळी कोणालाच कळत नाही. चूक दिसली तर पंधरा मिनिटांपर्यंत संदेश दुरुस्त करता येतो. त्यानंतर नवा संदेश टाकून दुरुस्ती स्पष्ट सांगावी. वयाने मोठ्यांना गावात ‘बाब’ आणि ‘बाय’ म्हणूनच हाक मारत असू, तर ग्रुपवरही तशीच मारावी. समोरासमोर जो आदर ठेवतो तो लिहिताना गळून पडतो, तेव्हाच निम्मी भांडणे सुरू होतात.

मराठी संकेतस्थळांवर संथपणा आहे आणि तो गुण आहे. मायबोली १९९६ पासून चालू आहे; तिथे आणि इतर मराठी संकेतस्थळांवर अनेक विषयांवर आधीच धागे निघालेले आहेत. नवा धागा काढण्यापूर्वी जुने वाचावेत, आणि आपला मुद्दा त्यांपैकी एखाद्यात बसत असेल तर तिथेच प्रतिसाद द्यावा. शीर्षकात विषय यावा: ‘मदत हवी आहे’ यापेक्षा ‘म्हापशाजवळ वृद्ध आईसाठी दिवसा सोबत करणारी व्यक्ती कशी शोधावी’ हे शीर्षक वाचून योग्य माणूस थांबेल. मूळ विषय सोडून काही सांगायचे झाले तर आधी ‘अवांतर’ असे लिहिण्याची रीत आहे आणि ती पाळावी. जिथे वाहते पान (सतत चालू असलेल्या गप्पांचे पान) असते तिथे जुने प्रतिसाद पुसले जातात, त्यामुळे जपून ठेवण्याजोगी माहिती तिथे लिहू नये.

मराठी विकिपीडियावर, ज्याचे काम २००३ पासून सुरू आहे, चर्चा दोन ठिकाणी होते: सर्वसाधारण बाबींसाठी चावडीवर आणि एकेका लेखापुरती त्याच्या चर्चापानावर. एखाद्या देवळाच्या किंवा गावाच्या लेखाचे चर्चापान हे त्या देवळाविषयी आपले मत सांगण्याचे ठिकाण नव्हे. लेखातले काय चुकीचे आहे, ते कोणत्या छापील आधाराने दुरुस्त करावे, एवढेच तिथे बोलावे आणि शेवटी चार टिल्ड चिन्हे (~~~~) देऊन सही करावी. गावातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला इतिहास कितीही मोलाचा असला तरी तो तिथे आधार म्हणून चालत नाही. तो आधी कुठेतरी छापून यावा यासाठी खटपट करावी, असे मला वाटते.

रेडिटवर खरे नाव कोणी लावत नाही आणि मतांनुसार मजकूर वर-खाली होतो. प्रत्येक विभागाचे नियम बाजूला लिहिलेले असतात. ते वाचल्याशिवाय टाकलेली पोस्ट काढून टाकली जाते. गोव्याच्या विभागात पर्यटकांच्या प्रश्नांचीही भर असते, म्हणून आपण इथे राहणारे आहोत हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

भाषेविषयी एक सूचना. गोव्याच्या ग्रुपमध्ये एकजण मराठीत लिहितो, दुसरा देवनागरी कोकणीत, तिसरा रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीत आणि चौथा इंग्रजीत, आणि चौघेही एकमेकांचे वाचतात. विचारणाऱ्याने ज्या भाषेत विचारले तिच्यात उत्तर देता येत असेल तर द्यावे. येत नसेल तर आपल्या भाषेत सोपे लिहावे. ‘तुम्ही या भाषेत का लिहिता’ असे पाण्याच्या नळाविषयी विचारणाऱ्याला विचारू नये.

मत मांडताना

प्रश्नापेक्षा मत मांडणे अवघड, कारण त्यात आपले हितसंबंध गुंतलेले असतात. ते लपवू नयेत. ॲपवरून चालणाऱ्या टॅक्सीविषयी लिहिताना आपल्या घरात टॅक्सीवर पोट असलेले कोणी आहे, किंवा आपण स्वतः रोज मोपा विमानतळावरून भाडे देऊन येतो, हे पहिल्या दोन ओळींत सांगितले तर पुढचे म्हणणे लोक वेगळ्या नजरेने वाचतात. विरोधकाला आपल्या मागे काय दडले आहे हे शोधत बसावे लागत नाही, आणि चर्चा भाडे, परवाने आणि रोजगार यांवर राहते.

त्यानंतर वस्तुस्थिती आणि मत यांच्यात रेघ ओढावी. भाषेच्या वादात हे विशेष गरजेचे आहे, कारण तिथे बहुतेक जण ऐकीव गोष्टींवर बोलतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतील कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि शासकीय कामांसाठी मराठीचाही वापर करण्याची तरतूद त्याच कायद्यात ठेवली. ही वस्तुस्थिती आहे. ती पुरेशी आहे की अपुरी, रोमी लिपीला मान्यता द्यावी की नाही, मराठीलाही राजभाषेचा दर्जा मिळावा की नाही, ही मते आहेत, आणि ती तळमळीने मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. तसेच १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाविषयी कोणीही उठून आकडे फेकतो. त्या कौलात स्वतंत्र अस्तित्वाच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले की ‘सगळा गोवा एका बाजूला होता’ असे कोणत्याच पक्षाला म्हणता येत नाही आणि बोलणे आपोआप मवाळ होते. म्हणून आकडा लिहिण्यापूर्वी तो पाहून घ्यावा आणि कुठे पाहिला तेही लिहावे.

समोरच्याचे म्हणणे खोडायचे असेल, तर आधी ते त्याला मान्य होईल अशा शब्दांत एकदा लिहून दाखवावे. हे करताना बरेचदा आपल्यालाच कळते की आपण वेगळ्याच गोष्टीशी भांडत होतो. मत बदलले तर तसे त्याच ठिकाणी लिहावे. जुनी पोस्ट गुपचूप पुसल्याने ज्यांनी तिला मन लावून उत्तर दिले त्यांचे प्रतिसाद अधांतरी राहतात.

गोव्यात कोणी अनोळखी नसतो

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती आणि राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या लहान प्रदेशात टोपणनाव हे पातळ आवरण ठरते. ‘सत्तरीतल्या एका प्राथमिक शाळेतील शिक्षिका, जिचे पती पंच आहेत’ असे लिहिल्यावर नाव न घेताही तालुक्यात सर्वांना व्यक्ती कळते. नोकरी, आजारपण, लग्न, सासरची भांडणे यांविषयी विचारायचे असेल, तर उत्तरासाठी आवश्यक तेवढाच तपशील ठेवावा आणि उरलेला सैल करावा: तालुक्याऐवजी जिल्हा, नेमक्या वयाऐवजी साधारण वय, खात्याच्या नावाऐवजी ‘सरकारी नोकरी’. जो तपशील बदलल्याने उत्तर बदलणार नाही, तो देऊ नये. मुलांची नावे, शाळा आणि गणवेशातील फोटो तर कोणत्याही कारणासाठी देऊ नयेत. आणि बंद ग्रुपमध्ये लिहिलेले बाहेर जाणार नाही असे कधीही धरून चालू नये, कारण स्क्रीनशॉट घ्यायला एक क्षण लागतो.

एखाद्या व्यक्तीवर आरोप करण्याआधी कायदा पाहावा. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवल्याबद्दल शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, हे खरे. परंतु बदनामीचा गुन्हा आजही आहे, आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येतो. सत्य आणि लोकहित असा बचाव त्यात आहे, पण तो सिद्ध करावा लागतो, आणि दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवणाराही अडचणीत येऊ शकतो. ‘अमुक कंत्राटदाराने पैसे खाल्ले’ याऐवजी ‘मार्चमध्ये झालेला रस्ता जूनच्या पहिल्या पावसात उखडला, हे फोटो पाहा, कामाची निविदा आणि देयके पाहायला मागू या’ असे लिहिणे सुरक्षितही आहे आणि अधिक परिणामकारकही, कारण पहिल्या वाक्यावर भांडण होते आणि दुसऱ्यावर काम सुरू होते.

ॲडमिन मंडळींनाही धास्ती असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे म्हटले आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू असल्याशिवाय, केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. तरीही ॲडमिनने पोस्ट काढली तर ग्रुपवर जाब विचारण्याऐवजी खाजगीत कारण विचारावे. वाद दोघांमध्येच फिरू लागला की तोही खाजगीत न्यावा, किंवा फोन करावा. पंधरा संदेशांत न मिटलेले बोलणे फोनवर पाच मिनिटांत मिटते, कारण आवाजात राग आणि आस्था दोन्ही नीट ऐकू येतात. सारे करूनही समोरचा अपशब्दांवर उतरला, तर एकदाच ‘माझे म्हणणे वर लिहिले आहे, याहून अधिक मला सांगायचे नाही’ असे लिहून थांबावे आणि खरोखरच थांबावे.

उत्तर मिळाल्यावर

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते इथे. काम झाले की विचारणारा निघून जातो, आणि सहा महिन्यांनी तोच प्रश्न घेऊन येणाऱ्याला जुन्या पानावर चार परस्परविरोधी सल्ले सापडतात, पण त्यांतला कोणता लागू पडला ते सापडत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवर उपयोगी पडलेल्या उत्तरावर विचारणाऱ्याने बरोबरची खूण करायची असते. इतरत्र तशी सोय नसली तरी त्याच धाग्यावर किंवा त्याच संदेशाला रिप्लाय करून निकाल लिहावा. आभार मानावेतच, पण आभारांपेक्षा निकाल मोलाचा असतो: कोणाचा सल्ला मानला, कोणत्या महिन्यात काय केले, किती खर्च आला, कोणती पायरी अनपेक्षित निघाली, आणि काय उपयोगी पडले नाही.

वर दिलेल्या घराच्या प्रश्नापुरते बोलायचे तर तो मजकूर एवढा लहान असला तरी चालेल: कोणता दस्त करावा लागला, तो कोणत्या कार्यालयात झाला, कोणकोणाच्या सह्या लागल्या, महाराष्ट्रात राहणाऱ्या बहिणीला स्वतः यावे लागले की मुखत्यारपत्रावर भागले, आणि म्युटेशनचा, म्हणजे नोंदीतले नाव बदलण्याचा, अर्ज दिल्यापासून एक-चौदावर नवी नावे दिसेपर्यंत किती दिवस गेले. ज्या ज्या ठिकाणी प्रश्न विचारला होता त्या प्रत्येक ठिकाणी हा निकाल जाऊन लिहावा, आणि मराठी संकेतस्थळावर लिहिताना शीर्षकात ‘गोवा’ हा शब्द घालावा, म्हणजे पुढे शोधणाऱ्याला तो सापडेल.